दोनशे बारावा स्लीपर

मुकादम संध्याकाळी घरी आले की दारातच बूट काढायचे, हातोडा भिंतीला टेकवायचे, आणि ते हातपाय धुवायला वळायच्या आत काकू विचारायच्या, "थांबलात?"

"थांबलो."

मग बाकीचं सगळं. साहेब मूर्ख, भाजीत मीठ जास्त, शेजारचा रेडिओ मोठा. पण आधी हे दोन शब्द. शेजारणीची समजूत अशी की मुकादमांना वाटेत चहाला थांबायची खोड आहे आणि काकू त्यावरून त्यांना धारेवर धरतात. काकूंनी ती समजूत कधी दूर केली नाही.

मुकादम म्हणजे रेल्वेच्या गँगचे मुकादम. रूळ सरकला, खडी खचली, कुठं रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झाली, की दहा माणसं घेऊन निघायचं. सुरुवातीला ते साधे गँगमन होते, लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि राहायला नदीच्या पुलापलीकडे, दोन स्टेशनांच्या मधोमध, एका खोलीचं क्वार्टर. तिथं त्यांना मुलगी झाली. आठ दिवस पाऊस लागून होता. रस्ता वाहून गेलेला, गाड्या बंद, तपासणीची ट्रॉलीसुद्धा येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी गेली. काकू तापानं फणफणल्या होत्या. कुशीतलं ओझं कुणी तरी उचललं एवढंच त्यांना कळलं.

रानात कोल्हे होते. नुसतं मातीत ठेवून चालणार नव्हतं. घट्ट बंद होईल अशी एकच वस्तू गँगच्या टपरीत होती, ती फटाक्यांची पेटी. धुकं पडलं की हे फटाके रुळावर ठेवायचे. चाकाखाली वाजले की ड्रायव्हरला कळायचं, पुढं सिग्नल आहे. पेटी जाड पत्र्याची, हातभर लांब, झाकणाला आतून रबराची पट्टी. मुकादमांनी फटाके पोत्यात ओतले, पेटीत मुलीला ठेवलं, आणि पेटी खांद्यावर घेऊन पुलाच्या टोकापासून निघाले. रुळांखालचे आडवे ओंडके म्हणजे स्लीपर, ते दोनशे बारा मोजले. उजव्या हाताला भरावाखाली उतरून कमरेइतकं खोल खणलं. कचेरीत लिहून दिलं, पेटी पुरात वाहून गेली.

स्लीपर का मोजले? कारण गँगमनला जागा सांगायची तर अशीच सांगता येते. अमुक मैल, पुलापासून इतकावा स्लीपर, डावा रूळ. दगडाची खूण पुरात जाते, झाड कुणी तोडतं. स्लीपर मात्र कुठं जात नाहीत, अशी त्यांची खात्री.

काकूंचा ताप उतरला तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "कुठं?"

"दोनशे बारा," मुकादम म्हणाले.

महिन्याभरात बदली होऊन दोघं नदीच्या अलीकडे, गावात आली. काकूंनी ती जागा पाहिलीच नाही. पुलावर लोकांना चालायला वाट नव्हती, नुसते रूळ, मधे गँगमनपुरती अरुंद पत्र्याची पट्टी आणि खाली पाणी. लाईनीवर बायकामाणसांना जायची बंदी. एकदा त्या चोरून पुलापर्यंत गेल्या, तर समोरून मालगाडी आली आणि ड्रायव्हरनं स्टेशनात तक्रार केली. मुकादमांना समज मिळाली. त्यानंतर काकूंचं जाणं म्हणजे मुकादमांचं जाणं. त्यांचा रोजचा फेरा पुलावरून व्हायचा. दोनशे बाराव्या स्लीपरवर ते घटकाभर उभे राहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, थांबलो. दुसरं मूल झालं नाही.

मुकादमांच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना लाईन बंद झाली. मोठा रस्ता झाला होता, गाडीत चार टाळकी बसायची. रुळांवर गंज चढला, भरावावर काटेरी झुडपं माजली. नऊ वर्षं कुणी तिकडं फिरकलं नाही. मुकादमही नाही. गुडघे गेले होते, आणि पुलावरचे पत्रे चोरांनी नेल्यामुळे दोन ठिकाणी थेट नदी दिसत होती.

मग एक दिवस गणिताच्या बाई घरी आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच, सडपातळ, बोलताना हवेत बोटानं आकडे लिहिणाऱ्या. त्यांनी गावात 'पायवाट समिती' काढली होती. रूळ उखडायचे आणि त्या जागी चालायला, सायकलला वाट करायची. सरकारनं परवानगी दिली होती, रूळ न्यायला कंत्राटदार येणार होता, बाकी काम गावानं दर रविवारी करायचं.

"आम्हाला तुम्ही हवे आहात, मुकादम. पाणी कुठं साचतं, भराव कुठं कच्चा आहे, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक?"

"बाई, तीस वर्षं रूळ बसवण्यात गेली. आता उखडायला मलाच बोलावता? न्हाऊ घातलेल्या पोराला चिखलात ढकलायला सांगताय."

"पोर नऊ वर्षं चिखलातच आहे."

"असू दे. मी नाही येणार."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. काकू दारात आल्या. "बाई, त्या वाटेवर बायकांना जाता येईल?"

"सगळ्यांना. चाकाच्या खुर्चीतल्या माणसालासुद्धा."

"आणि पूल?"

"पुलाला फळ्या टाकणार. दोन्ही बाजूंना कठडा."

काकू पदराला हात पुसत मुकादमांकडे न बघता म्हणाल्या, "हे येतील. रविवारी कितीला पाठवू?"

अशा रीतीनं मुकादम समितीत आले, आणि आल्या दिवसापासून समितीचे मुकादम झाले. कारकून, नर्सबाई, शिंपी, पोस्टमन, सगळे हाताला फोड आणून काम करायचे आणि वर शिव्या खायचे.

"घण असा धरतात? पाहुण्याला वारा घालताय का?"

"मुकादम, आम्ही पगारी नाही हो," पोस्टमन म्हणायचा. तो समितीतला सर्वांत नियमाचा माणूस. हातमोजे घातल्याशिवाय खडीला हात लावायचा नाही आणि इतरांनाही लावू द्यायचा नाही.

"पगारी असतात तर काढून टाकलं असतं. फुकटचे म्हणून तर सांभाळावं लागतंय."

पुलावर फळ्या पडायला दीड वर्ष लागलं. शेवटची फळी ठोकली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम काकूंना घेऊन निघाले. काकूंनी धुतलेलं पातळ नेसलं होतं. पुलावर त्यांनी कठडा धरला नाही, खाली पाण्याकडे पाहिलं नाही. पलीकडे अजून रूळ आणि स्लीपर तसेच होते. पुलाच्या टोकाला मुकादम थांबले.

"इथून एक."

दोघांनी मोजायला सुरुवात केली. मुकादम मोठ्यानं, काकू ओठांत. मुकादमांची पावलं स्लीपरला सरावलेली, आपोआप पडत होती. काकूंना दर वेळी खाली बघावं लागत होतं. शंभराच्या पुढं मुकादमांना धाप लागली, तेव्हा काकूंनी आकडे मोठ्यानं उचलले. दोनशे दहा. दोनशे अकरा.

"दोनशे बारा. इथं. उजवीकडं खाली."

भरावाखाली गवताचा सपाट तुकडा होता. काकू बसत-सरकत उतरल्या. पदर सावरून म्हणाल्या, "डोकं कुठल्या बाजूला?"

"पुलाकडं."

त्या बरोबर त्या बाजूला बसल्या आणि हात गवतावर ठेवला. मुकादम वर रुळावर बसून राहिले. घरी निघताना काकू म्हणाल्या, "जागा चांगली आहे. ऊन येतं."

मग काकू रोज जायला लागल्या. डब्यात पोळी-भाजी, पिशवीत विणकाम. एवढ्या वर्षांत कधी फार बोलल्या नव्हत्या, त्या तिथं बसून बोलायच्या: शेजारणीच्या सुनेचं, गुडघ्याच्या तेलाचं, मुकादमांच्या घोरण्याचं. गणिताच्या बाईंनी एकदा विचारलं आणि काकूंनी सगळं सांगितलं, आकड्यासकट. समितीनं मग जुन्या वेटिंग रूममधला लाकडी बाक आणून त्या गवतावर सिमेंटमध्ये पक्का बसवला. पोस्टमननं त्याला रंग दिला. काकूंचा चेहरा त्या दोन महिन्यांत भरला. नर्सबाई म्हणाल्या, "काकू, कुठलं टॉनिक घेताय?" काकू चक्क हसल्या.

पाऊस सुरू व्हायला पंधरा दिवस असतील. पुलापलीकडचे रूळ कंत्राटदारानं नेले होते आणि स्लीपर एका बाजूला रचून ठेवायचं काम चाललं होतं. गणिताच्या बाई वही घेऊन ढिगावर ढीग मोजत होत्या.

"मुकादम, किलोमीटरला किती धरू?"

"सोळाशे साठ."

"म्हणजे साठ सेंटिमीटरला एक. जुळतंय."

"हे सिमेंटचे म्हणून. लाकडी होते तेव्हा तेराशे दहाच असायचे. चांगले लांब लांब. हे सगळे मीच बदललेत, वीस वर्षं झाली, एका उन्हाळ्यात माझ्या गँगनं..."

हातातली पहार त्यांनी हळूच खाली ठेवली.

"बाई."

"काय?"

"दोनशे बारा स्लीपर म्हणजे किती अंतर?"

"जुने की नवे?"

"दोन्ही सांगा."

बाईंचं बोट हवेत फिरलं. "जुने एकशे बासष्ट मीटर. नवे एकशे अठ्ठावीस. फरक चौतीस." आणि मग त्यांचं बोट तिथंच राहिलं, कारण दोनशे बारा हा आकडा त्यांना ठाऊक होता.

मुकादम म्हणाले, "कुठं बोलू नका."

"मुकादम, काकूंना सांगायला हवं."

"सांगतो. मीच सांगतो. तुम्ही मध्ये पडू नका."

स्लीपर कुठं जात नाहीत, ही खात्री बाळगणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं ते सगळे उचलून नवे बसवले होते आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक, दोन, तीन मोजत रिकाम्या जागी जाऊन थांबला होता. रोज. दहा वर्षं.

त्या दिवशी मुकादम टेप घेऊन बाकापासून चौतीस मीटर पुढं गेले. तिथं खोलगट होतं, पाणी झिरपत होतं, काटेरी झुडपांची भिंत. ऊन नव्हतं. लाकडी स्लीपर तरी कुठं सारख्या अंतरानं असायचे, दोन-चार मीटर इकडं-तिकडं होणारच. तरी त्यांनी ती उतरण ओळखली. घरी आले तर काकू कांदा चिरत होत्या.

"उशीर केलात. आज तिला सांगितलं, तुझ्या बापाला घरचा रस्ता सापडत नाही म्हणून."

"पाय दुखतायत," मुकादम म्हणाले आणि आडवे झाले.

उद्या सांगू. पाऊस पडून जाऊ दे, मग सांगू. तिचा खोकला बरा होऊ दे. असं करत चार महिने गेले. गणिताच्या बाई भेटल्या की नुसत्या भुवया उंचावायच्या, मुकादम मान हलवायचे. पुढं पुढं बाईंनी भुवयाही उंचावायचं सोडलं. काकू बाकावर बसून लोकरीचं काहीतरी छोटं विणत होत्या. काय विणता असं विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

पावसानंतर समितीची बैठक भरली. खोलगटापाशी पाणी वाटेवर चढलं होतं, वीस फूट वाट वाहून गेली होती. तिथं वाटेखालून पाइप टाकायचा ठरलं.

"तिथं नको," मुकादम म्हणाले.

"का?" पोस्टमननं विचारलं.

"जमीन चांगली नाही."

"मुकादम, पावसाच्या आधी तुम्हीच म्हणालात, इथं पाइप टाकला नाहीत तर वाट राहणार नाही. मी लिहून ठेवलंय."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. गणिताच्या बाई वहीत. मुकादम म्हणाले, "मग तिथलं मी खणतो. एकटा. कुणी हात लावायचा नाही."

"म्हातारपणी कामाची खाज," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

सोमवारपासून मुकादम खणायला लागले. सकाळी सात ते अकरा, पाठीला पट्टा बांधून. त्यांचं ठरलं होतं: पेटी सापडली की काकू घरी असताना हलवायची, चौतीस मीटर अलीकडे आणायची, बाकासमोर ठेवायची. मग कुणाला काहीच सांगायला नको. शनिवारपर्यंत त्यांनी चर चांगला लांब खणला. दगड निघाले, मुळं निघाली, लाकडी स्लीपरचा एक कुजका तुकडा निघाला. पेटी निघाली नाही. शनिवारी दुपारी पाठ अशी धरली की पोस्टमननं सायकलवर बसवून घरी सोडलं.

रविवारी ते काठी टेकत पोचले तेव्हा चराच्या दुसऱ्या बाजूला पाच-सहा जण लागले होते. पोस्टमनची कुदळ पत्र्यावर वाजली. त्यानं हातानं माती सारली. गंजलेलं झाकण, आणि त्यावर ठोकून काढलेली उठावदार अक्षरं, बोट फिरवलं तरी वाचता येतील अशी: धोका. स्फोटक.

पोस्टमन शहाणा माणूस. त्यानं कुदळ जागच्या जागी सोडली, सगळ्यांना शंभर पावलं मागं घेतलं आणि पोलिसांना फोन केला.

फौजदार आले, दोरी बांधली. बाकावर बसलेल्या काकूंना एका शिपायानं उठवून दोरीपलीकडे आणलं. त्या आपली पिशवी कवटाळून गर्दीत उभ्या राहिल्या. "कसली पेटी?" त्यांनी नर्सबाईंना विचारलं. "रेल्वेचा जुना दारूगोळा म्हणे."

मुकादम फौजदारांपाशी गेले. "साहेब, त्यात काही नाही. रिकामी पेटी आहे. आमच्याच गँगची."

"रिकामी कशावरून?"

"मला माहीत आहे."

"रिकामी पेटी कुणी पुरतं का, काका? व्हा मागं."

दोन तासांनी जिल्ह्याहून स्फोटकांचं पथक आलं. त्यांच्या प्रमुखानं दुर्बिणीतून अक्षरं वाचली, समितीच्या लोकांना दोन प्रश्न विचारले आणि फौजदारांना म्हणाला, "हा माल जुना झाला की जास्त वाईट. हलवायचा नाही. इथल्या इथं उडवू." त्याची माणसं गाडीतून वाळूच्या पिशव्या उतरवायला लागली.

मुकादम दोरीखालून वाकून आत शिरले. पाठीमुळे त्यांना नीट उभं राहता येईना, काठीवर अर्धे वाकूनच ते म्हणाले, "साहेब, थांबवा. त्यात माझी मुलगी आहे."

फौजदारांनी आजूबाजूला पाहिलं. पोस्टमन पुढं झाला, आजाऱ्याशी बोलावं तसा बोलला. "मुकादम, तुमची मुलगी तिकडं आहे. बाकापाशी. आपणच बाक बसवला ना तिथं? तुम्ही जागा दाखवलीत."

"चुकीची दाखवली."

"साहेब, ह्यांचं वय झालंय," पोस्टमन हळूच म्हणाला. "आठवडाभर उन्हात खणत होते."

"मला वेड लागलेलं नाही. जुने स्लीपर लांब लांब बसवलेले होते. बाई, सांगा ह्यांना."

गणिताच्या बाई दोरीपर्यंत पुढं आल्या. "चौतीस मीटर," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे त्यांचं. मी हिशेब केलाय."

"कधी?" हा आवाज काकूंचा होता.

काकूंनी पिशवी खाली ठेवली.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय. कधीपासून माहीत आहे?"

"पावसाच्या आधीपासून."

"म्हणजे चार महिने."

"हो."

"काकू, मला सांगायचं होतं..." बाईंनी सुरुवात केली.

"तुम्ही थांबा बाई." काकू मुकादमांकडे बघत होत्या. "चार महिने मी कुणाशी बोलत होते?"

वाळूच्या पिशव्यांचा धप्प धप्प आवाज येत होता. काकू फौजदारांकडे वळल्या आणि दुकानात माप सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, घरात कोरडं कापड नव्हतं. जन्मली तेव्हा तिला ह्यांच्या हिरव्या झेंडीत गुंडाळली होती, तीन दिवस ती त्यातच होती. पेटी उघडून बघा. झेंडी नसेल तर उडवा."

प्रमुख आणि फौजदार बाजूला जाऊन बोलले. मग सगळ्यांना आणखी मागं नेलं. जाडजूड पोशाख घातलेला एक माणूस लांब दांड्याचं हत्यार घेऊन चरात उतरला. पत्रा फाटल्याचा आवाज आला. तो माणूस वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्यानं शिरस्त्राण काढून काखेत धरलं आणि पिशव्या परत गाडीत टाका अशी खूण केली.

काकू पुढं निघाल्या. फौजदारांनी आडवा हात धरला.

"बाई, आता नाही. मानवी अवशेष आहेत. पंचनामा होईल, तपासणी होईल. नियम आहे."

"मी आई आहे तिची."

"तेच कागदावर यावं लागेल."

पेटी पांढऱ्या कापडात बांधून गाडीत ठेवली. कापडाची गाठ सुटत होती, ती शिपायानं पुन्हा बांधली. काकूंना दिसलं ते एवढंच. त्यांनी फौजदारांकडे पावती मागितली आणि ती पिशवीत, लोकरीच्या गुंडाळीशेजारी ठेवली.

तपासणी सात महिने चालली. जन्माची नोंद नाही, मृत्यूची नोंद नाही, सरकारी पेटी खोटं लिहून दडवलेली. मुकादमांना चार वेळा ठाण्यात बोलावलं. एका कारकुनानं मान वर न करता विचारलं, "मुलगी झाली म्हणून संपवलीत का?"

मुकादम म्हणाले, "तीन दिवस जगली."

"विचारलं त्याचं उत्तर द्या."

"नाही," मुकादम म्हणाले. कारकुनानं ते लिहून घेतलं.

घरी काकू स्वयंपाक करायच्या, ताट वाढायच्या, गुडघ्यांना तेल लावून द्यायच्या. भांडणसुद्धा करायच्या नाहीत, ते मुकादमांना सोसेना. ते मुद्दाम म्हणायचे, "भाजीत मीठ जास्त झालंय." काकू न बोलता वाटीभर पाणी घालून आणायच्या. गणिताच्या बाई दोनदा दाराशी येऊन गेल्या. काकूंनी त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं, आणि समोर बसून लसूण सोलत राहिल्या. बाक तिथंच होता. शाळेतून पळालेली जोडपी त्यावर बसायला लागली.

मग अवशेष घेऊन जा असं पत्र आलं. मागणीच्या अर्जावर सही काकूंची होती, म्हणून पत्र काकूंच्या नावानं. पोस्टमननं ते मुकादमांच्या हातात न देता आत जाऊन काकूंना दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम नेहमीच्या तपकिरी कोटात तयार होऊन बसले. काकूंनी पिशवी घेतली, चपला घातल्या. "तुमचं ताट झाकून ठेवलंय," त्या म्हणाल्या आणि बाहेरून कडी लावावी तसं दार ओढून घेतलं. मुकादम उठेपर्यंत त्या कोपऱ्यावरून वळल्या होत्या.

संध्याकाळी परत आल्या तेव्हा पिशवी रिकामी होती. चपलांना माती. नखांत माती. त्यांनी मोरीवर बसून हात स्वच्छ धुतले.

"कुठं?" मुकादमांनी विचारलं.

"जेवला नाहीत? ताट तसंच आहे."

"कुठं ठेवलीस?"

"चांगल्या जागी."

"अगं, पण मला..."

काकूंनी हात पुसले. रागाचा मागमूस नव्हता चेहऱ्यावर, नुसती दमल्या होत्या. "माझ्या जवळ आहे ना ती आता. तुम्ही तुमचं औषध घ्या."

"खूण तरी केलीस का काही?"

"मला लागत नाही," काकू म्हणाल्या आणि भाजी गरम करायला लागल्या.

त्यानंतर मुकादमांनी एकदाच विचारलं, महिन्यानं, त्या चांगल्या मनःस्थितीत दिसल्या तेव्हा. काकूंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि गुडघ्याच्या तेलाची बाटली पुढं सरकवली. काकू आठवड्यातून दोनदा पिशवी घेऊन बाहेर पडतात. कधी पुलाच्या दिशेनं, कधी बसस्टँडच्या. मुकादमांच्या पाठीला आणि गुडघ्यांना त्यांच्या वेगानं मागं जाणं जमत नाही, आणि जमलं तरी ते गेले असते असं वाटत नाही.

पायवाट झाली आहे. छान झाली आहे. लांबून लोक सायकली घेऊन येतात. काकू एकट्या गेल्या त्याच आठवड्यात शाळेच्या पोरांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना पाचशे रोपं लावली होती. जिकडं बघावं तिकडं ताज्या उकरलेल्या मातीचे गोल. मुकादम रोज सकाळी काठी टेकत पुलापलीकडे जातात. दर गोलापाशी थांबतात, वाकून बघतात, पुढं सरकतात.

"काय शोधताय, मुकादम?" पोस्टमन सायकल हळू करत विचारतो.

"पाण्याचा पाइप तुंबलाय का ते बघतोय."

"पाइप तर मागं राहिला."

"हो का?" मुकादम म्हणतात आणि पुढच्या रोपापाशी जाऊन वाकतात.